वेढे मोजताना

सबमर्सिबल मोटर भरायला दोन माणसं लागतात. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, मग उरतो लोखंडी नळीसारखा लांबलचक स्टेटर. तो आडवा ठेवून एकाने या तोंडाशी बसायचं, दुसऱ्याने त्या. याने खाचेतून तार सारायची, त्याने ओढून घ्यायची आणि ठरलेल्या दुसऱ्या खाचेतून परत पाठवायची. झाला एक टर्न. किती टर्न घालायचे हे मोटरीवर ठरलेलं असतं आणि त्यात चूक चालत नाही. मी तेरा वर्षांची असल्यापासून दादाच्या समोर त्या दुसऱ्या तोंडाशी बसत आले, कारण दुकान नवीन होतं आणि हाताखाली पोरगं ठेवणं परवडत नव्हतं. तो मोठ्याने मोजायचा, मी मनात.

आमचं दुकान तासगावच्या बाजूला, द्राक्षबागांच्या पट्ट्यात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागेला पाणी लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी खाली जातात, व्होल्टेज पडतं, एखादा फेज उडतो आणि मोटरी जळतात. सीझन म्हणतात तो हाच. रात्री अकरालाही शेतकरी टेम्पोत मोटर घालून दारात उभा असतो. २०१८च्या एप्रिलमध्ये दुकानातल्या पोऱ्याचा मला पुण्याला फोन आला. "ताई, मालक मोजत्यात आन् मधीच थांबत्यात. मग सगळी तार उपसून काढत्यात. चार दिस झालं, एकच मोटर हाय."

मी गावी गेले तेव्हा त्या एका मोटरीला दहा दिवस झाले होते.

डिप्रेशन म्हणजे माणूस रडत बसतो, अशी माझी समजूत होती. दादा एकदाही रडला नाही. तो स्टेटरसमोर बसायचा, तार हातात घ्यायचा, सात-आठ टर्न घालायचा आणि मग त्याची नजर तिथेच राहायची. आकडा हरवायचा. मग तो पहिल्यापासून तार उपसायचा. मी विचारलं, "दादा, काय झालं?" तर उत्तर येईपर्यंत इतका वेळ गेला की मला वाटलं त्याने ऐकलंच नाही. मग म्हणाला, "काय न्हाई." ते दोन शब्दसुद्धा कुठून तरी खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखे.

वहिनीने सांगितलं ते असं. पहाटे साडेतीनला जागा होतो आणि छताकडे बघत पडून राहतो. सकाळी अंथरुणातून उठणं हेच दिवसातलं सगळ्यात मोठं काम. भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो, गिळवत नाही. चव कशाचीच नाही. पँट कमरेला ढिली झालीय. दोन शर्ट पुढे ठेवले तर कुठला घालू ते ठरत नाही. संध्याकाळ झाली की मात्र जरा बरं वाटतं, दोन शब्द बोलतो, चहा पितो. आणि नातेवाईक तर संध्याकाळीच भेटायला येतात. ते बघून जायचे आणि बाहेर सांगायचे, "चांगला बोलला की आमच्याशी. काय झालंय त्याला? आळस भरलाय."

सकाळी सगळ्यात वाईट आणि दिवस कलताना थोडं सुसह्य, पहाटे वेळेआधी जाग येणं, हालचाल आणि बोलणं मंदावणं, भूक आणि वजन उतरणं, ही या आजाराची अगदी पाठ्यपुस्तकातली लक्षणं आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आजार अंगात दिसत होता. आम्ही त्याच्या चेहऱ्यावर दुःख शोधत होतो, आणि ते सापडेना म्हणून आजारच नाही असं धरून चाललो होतो.

दादाला स्वतःला काय वाटत होतं, ते त्याने एकदाच नीट सांगितलं, तेही बरा झाल्यावर. म्हणाला, "तायडे, वाईट वाटत असतं तर बरं झालं असतं. काहीच वाटत नव्हतं. पोरगी पहिली आली शाळेत, मला कळलं की ही आनंदाची गोष्ट आहे. कळलं, पण पोचलं न्हाई. लाईट आहे, मोटर पण आहे, मधली केबल तुटल्यागत." आणि त्या रिकाम्या जागेत एकच गोष्ट वाढत होती, ती म्हणजे अपराध. अण्णा, आमचे वडील, २०१६मध्ये गेले, तर त्यांना दवाखान्यात न्यायला आपण अर्धा दिवस उशीर केला, हे तो रोज नव्याने हिशेब मांडल्यासारखा उकरायचा. एका गिऱ्हाईकाचे चारशे रुपये जास्त घेतले होते, ते आठ वर्षांपूर्वीचं. दुकान बुडालं, आता घर बुडणार, असं त्याला ठाम वाटत होतं. वहिनी पासबुक दाखवायची. तो पासबुकाकडे बघायचा आणि मान हलवायचा.

सल्ले भरपूर मिळाले. जरा बाहेर फिरून ये. मन रमव. लोकांची किती मोठी दुःखं असतात, तुला काय कमी आहे? बाप गेल्याचं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. मामा म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल, बघून घेऊ. नरसोबाच्या वाडीला नेलं. घाटावर दादा कृष्णेकडे बघत तास-दोन तास बसून राहिला. त्याने काही बिघडलं नाही, असंच मी म्हणेन. गावातल्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून तीन सलाईन लावली आणि ताकदीची इंजेक्शनं दिली. थायरॉईड कमी असला किंवा बी-१२ उतरलं तरी माणूस असाच मरगळतो, म्हणून त्या तपासण्या व्हायला हव्याच असतात. पण त्या कुणी केल्याच नाहीत. सलाईन लावलं की घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, तेवढं आम्हाला मिळालं.

शेवटी एका डॉक्टरांनी डिप्रेशन ओळखलं आणि गोळी सुरू केली. आम्हाला किती हायसं वाटलं! या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही धरला. पाचव्या आठवड्यात दादा सकाळी सहाला आंघोळ करून दुकानात गेला. वहिनीने मला फोन केला, ती रडत होती. त्या रविवारी घरी पुरणपोळ्या झाल्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितेय तिच्यापाशी आले.

दादा बरा झाला, असं आम्ही समजलो. आणि कसा झाला! सकाळी सहाला जाणारा दादा पाचला जाऊ लागला, मग चारला. मोटरी धडाधड भरून बाहेर पडू लागल्या. पोऱ्या दमायचा, हा दमायचा नाही. रात्री दोनला घरी यायचा आणि वहिनीला उठवून नवीन कल्पना सांगायचा. शेजारचे दोन गाळे भाड्याने घेतले, तिसऱ्याची बोलणी केली. सांगलीहून उधारीवर तांब्याच्या तारेची इतकी बंडलं आली की ठेवायला जागा नव्हती. चार तालुक्यांत शाखा काढायच्या, स्वतःच्या नावाची मोटर बाजारात आणायची. मला रात्री एकला फोन करून तो पाऊण तास बोलला आणि मी मध्ये हं म्हणायलाही जागा सापडली नाही. फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "आमचा जुना दादा परत आला."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

कारण पुढच्या वीस दिवसांत काय झालं ते असं. बोलण्याचा वेग इतका वाढला की वाक्य सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे कळेना. झोप दोन तासांवर आली, मग तीही गेली. कुणी शंका काढली की तो भडकायचा. ज्या पोऱ्याला त्याने लेकरासारखं शिकवलं होतं, त्याच्या अंगावर तारेचा बॉबिन फेकला. एका रात्री मोटारसायकल काढून सोलापूरच्या रस्त्याला लागला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. पहाटे एका ढाब्यावरून आम्हाला फोन आला. चुलत्यांनी आणि गल्लीतल्या चौघांनी त्याला गाडीत घातलं. ज्या पहिल्या दवाखान्यात नेलं तिथे त्याचे हात पलंगाला बांधून ठेवले आणि आमच्याशी कुणी धड बोललं नाही. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. मनगटावरचे वळ मात्र मी पाहिलेत.

तिसऱ्या दिवशी मिरजेला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दादाशी बोलून झाल्यावर मला आणि वहिनीला बसवलं आणि विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं का? झोप नाही तरी थकवा नाही, खूप उत्साह, खूप बोलणं?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग मला आमच्या घराची सगळ्यात लाडकी गोष्ट आठवली.

दादा बावीस वर्षांचा असताना त्याने आख्ख्या गल्लीचे पंखे फुकट दुरुस्त करून दिले होते. घरोघरी जाऊन, मागून मागून आणले. ओटीवर पंख्यांची रास पडली होती. रात्रभर दिवा लावून बसायचा, पाती पुसायचा, बेअरिंग बदलायचा, भरायचा, रंगवायचा. आई सांगायची, "वीस दिवस पोरगं झोपलं म्हणून न्हाई. असा हुन्नर, अशी जिद्द." लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हीच गोष्ट सांगितली होती. अण्णा गेले तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनीही हीच काढली. मी ती डॉक्टरांना सांगितली, आणि सांगताना, खोटं कशाला बोलू, माझ्या आवाजात अभिमान होता.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आणि त्यानंतर?"

त्यानंतर. त्यानंतर दादा दोन महिने आतल्या खोलीत पडून होता. आम्ही म्हणायचो, कावीळ झाली असणार. दमला असणार. तो भाग गोष्टीत नसायचा. गोष्ट पंख्यांपाशीच संपायची.

त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या पोटात खड्डा पडला. ज्याला आम्ही कर्तृत्व म्हणत होतो तो आजाराचा वरचा टप्पा होता, ज्याला आळस म्हणत होतो तो खालचा. डॉक्टरांनी नाव सांगितलं, बायपोलर. वर जातो तो उन्माद, खाली येतं ते डिप्रेशन, आणि मधली मोठी सपाट वर्षं ज्यांत माणूस अगदी तुमच्या-माझ्यासारखा असतो. तो बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास सुरू होतो. माणूस दवाखान्यात येतो तो खाली गेल्यावर, कारण वर असताना ना त्याला तक्रार असते ना घरच्यांना. म्हणून पहिला शिक्का नुसत्या डिप्रेशनचा बसतो. आणि बायपोलर असलेल्या माणसाला मूड सावरणाऱ्या औषधाशिवाय नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर ती त्याला उचलून थेट उन्मादात टाकू शकते. आधीच्या डॉक्टरांनी विचारलं असतं तर आम्ही पंख्यांची गोष्ट सांगितली असती. त्यांनी विचारलं नाही हे खरं. पण आम्हालाही ती सांगावीशी वाटली नाही हेही तितकंच खरं, कारण आमच्या लेखी ती आजाराची गोष्ट नव्हतीच.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. आम्ही दादाचं बरं-वाईट कशावरून ठरवत होतो? तो घराच्या उपयोगी पडतो की नाही, यावरून. दिवसाला मोटरी किती निघतात, यावरून. मोटरी निघत नव्हत्या तेव्हा तो आळशी, भरपूर निघाल्या तेव्हा ठणठणीत. मधे माणूस म्हणून त्याची झोप, त्याचा घास, त्याच्या बोलण्याचा वेग, त्याचे डोळे, हे आमच्या समोर असून आम्ही पाहिलं नाही. आपल्याकडे कष्टाला इतका मान आहे की न झोपता राबणारा माणूस दिसला की आपण हात जोडतो. त्याला झोप का येत नाही, हे विचारायचं आपल्या डोक्यातच येत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं. नाव ऐकून दादाने, अजून जीभ जड होती तरी, विचारलं, "बॅटरीतलं का?" डॉक्टर म्हणाले, "तेच. त्याचा क्षार." दादाच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. तांबं, लोखंड, शिसं ओळखणाऱ्या माणसाला आपलं औषध एक धातू आहे, हे कुठेतरी पटलं असावं.

या औषधाचा इतिहास मी नंतर वाचला. जॉन केड नावाचा ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला आणि तीन वर्षांहून जास्त चांगीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला. परत आल्यावर एका रुग्णालयाच्या वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात त्याने गिनीपिगांवर प्रयोग मांडले. त्याची मूळ कल्पना वेगळीच होती, आणि ती चुकीची निघाली. पण प्रयोगात वापरलेल्या लिथियमच्या क्षाराने ते प्राणी शांत झाले, हे त्याने टिपलं. आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं आणि १९४९मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांतला पहिला रुग्ण वर्षानुवर्षं दवाखान्यात खितपत पडलेला होता. तो बरा होऊन घरी गेला, आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. मग त्याने गोळ्या सोडल्या आणि सहा महिन्यांत परत आला.

हे वाचताना मला आपल्याच घरातलं वाचतेय असं वाटलं. दादाने २०२१मध्ये गोळ्या सोडल्या. तीन वर्षं चांगली गेली होती. "बरा आहे की मी, मग कशाला?" प्रश्न अगदी साधा आहे आणि ताप उतरल्यावर आपण सगळेच तो विचारतो. पण दादाचं दुसरंही कारण होतं, आणि ते मला नंतर कळलं. लिथियमने त्याच्या हाताला बारीक कंप आला होता. चहाचा कप धरताना दिसणार नाही इतका. पण बारीक तार खाचेत सारताना टोक हलायचं. ज्याचं पोट हातावर आणि ज्याचा मानही हातावर, त्याला तो कंप किती छळत असेल! त्याने ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मात्रा कमी-जास्त करता आली असती. पुढे तशी केलीच, आणि कंप बराच उतरला.

गोळ्या सोडल्यावर उन्माद परत आला. त्यावेळी तो लवकर पकडला, कारण वहिनी झोप मोजत होती. घराच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज एक आकडा. सात. सात. साडेसहा. पाच. चार. चारचा आकडा पडला त्या दिवशी ती त्याला घेऊन मिरजेला गेली. दादा वाटेत तिच्याशी भांडला, पण गेला.

त्या आजारातून उठल्यावर दादाने एक गोष्ट केली, तिचं मला फार मोल वाटतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी सोय आहे की आपण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर सही पुरते. दादाने दुकानाच्या बिलबुकाशेजारच्या वहीतलं पान फाडलं आणि वहिनीचं नाव लिहिलं. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: "मी जागा राहायला लागलो आणि हिचं ऐकेनासा झालो, तर तेव्हा माझं ऐकू नका. मला बांधू मात्र नका." तो कागद आता दवाखान्याच्या फाइलमध्ये आहे.

लिथियम हे सांभाळून घ्यायचं औषध आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोलच्या मधे राहावं लागतं. कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषारी. रात्रीची गोळी घेतल्यापासून बारा तासांनी रक्त द्यायचं, थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करायच्या. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा एकाएकी मीठ तोडलं की प्रमाण चढतं. अंगदुखीवर आपण सहज घेतो ती आयब्युप्रोफेनसारखी गोळीसुद्धा ते चढवते. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्या माणसासाठी या साध्या सूचना नाहीत. वहिनी दोन तासाला पोऱ्याकडून पाणी पाठवते. मामींनी बीपीसाठी अळणी खायला सुचवलं, तेव्हा तिने आधी डॉक्टरांना फोन केला.

तरीही २०२३च्या थंडीत डिप्रेशन आलं. या खेपेला आम्हाला ते दिसलं, पण दिसलं म्हणून ते सोपं झालं नाही. एका रात्री दादा वहिनीला म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." आधी असं काही ऐकलं की आम्ही "असं बोलू नये" म्हणून विषय मोडायचो. आता तिने मोडला नाही. तिने सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि हो म्हणाला. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेलं येतं, हा आपला एक मोठा गैरसमज आहे. विचारल्याने दादा बोलू लागला. रात्रीचा एक वाजला होता, दवाखाना बंद. वहिनीने १४४१६ लावला. टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली, फुकट, चोवीस तास. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. आधी वहिनीशी, मग दादाशी. घरात काय काय आवरून ठेवायचं ते सांगितलं, रात्रभर त्याच्याजवळ बसायला सांगितलं. सकाळी ते मिरजेला पोचले.

त्या खेपेला औषधांच्या जोडीला एक समुपदेशक होत्या. त्यांनी दादाला विचारलं, "दुकानात गेलात तर कमीत कमी काय करू शकाल?" तो म्हणाला, काहीच नाही. "कुलूप उघडता येईल?" येईल. "मग उद्या फक्त कुलूप उघडायचं आणि घरी यायचं. बरं वाटलं का, ते बघायचं नाही. उघडलं की नाही, एवढंच लिहायचं." मला आधी राग आला. उठ आणि कामाला लाग, हेच तर आम्ही त्याला २०१८मध्ये सांगत होतो, आणि त्याने तो आणखी खचला होता. पण हे तसं नव्हतं, हे हळूहळू लक्षात आलं. आमच्या सांगण्यात मागणी होती आणि खाली न बोललेला ठपका होता. इथे घास इतका लहान केला होता की तो गिळवला जाईल. आपण समजतो, आधी मनाला उभारी येईल, मग हात चालतील. या पद्धतीत आधी हात थोडासा हलवायचा, उभारी मागाहून येते. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून याच पद्धतीवर काम केलं. बोलणारी माणसं डॉक्टर नव्हती, प्रशिक्षण दिलेली तिथलीच साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांनाही त्याने गुण येतो, हे २०१७मध्ये त्यांनी दाखवून दिलं. आमच्यासारख्या गावात, जिथे मानसोपचारतज्ज्ञ गाठायला अर्धा दिवस मोडतो, तिथे हे किती मोठं आहे!

कुलपानंतर झाडू. झाडूनंतर एक तास बसणं. मग एक दिवस पाच टर्न.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तिच्यात आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन झालेला माणूस साधारण वीसांत एक निघाला. आणि डिप्रेशन असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचलेले नव्हते. मी हे वाचलं आणि आमच्या गल्लीतली दारं मोजली. कुठल्या दारामागे कोण पहाटे साडेतीनला छताकडे बघत असेल? आम्हीही कुणाला सांगितलं नव्हतंच. गोळ्यांची पट्टी वहिनी पिठाच्या डब्यामागे ठेवायची, कारण पोरगी लग्नाची आहे, आणि "बापाला वेडाच्या गोळ्या चालू आहेत" एवढं एक वाक्य गावभर फिरायला वेळ लागत नाही. गेल्या वर्षी पोरीनेच ती पट्टी उचलून पाण्याच्या तांब्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. म्हणाली, "आजीच्या बीपीच्या गोळ्या इथंच असत्यात की."

हा आजार घराण्यात उतरतो, हेही आता मला माहीत आहे. प्रत्येकात उतरतोच असं नाही, पण शक्यता वाढते. अण्णांचे एक चुलते होते, ज्यांना सगळे "खोलीतले आबा" म्हणायचे. वर्षातले काही महिने ते खोलीबाहेर यायचे नाहीत, आणि काही महिने गावभर भजनं बसवत फिरायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण हल्ली त्यांची आठवण फार येते. ऑफिसचं काम करत रात्री दोन वाजले आणि मला छान, हलकं, हुशार वाटायला लागलं, की मी उठते आणि लॅपटॉप बंद करते. मग बराच वेळ झोप लागत नाही. मी पडून राहते. सकाळी कॅलेंडरवर आकडा लिहिते. वहिनीची सवय मी उचललीय.

या एप्रिलमध्ये चार दिवस गावी होते. पोऱ्या, जो आता पोऱ्या राहिलेला नाही आणि बऱ्यापैकी कारागीर झालाय, भावाच्या लग्नाला गेला होता, आणि मणेराजुरीची एक मोटर तातडीने हवी होती. दादाने माझ्याकडे बघितलं. मी पदर खोचला आणि त्या तोंडाशी बसले. किती वर्षांनी! तार गार आणि गुळगुळीत, खाचेतून सरसर येणारी. तो सारायचा, मी ओढायची, परत पाठवायची. तो मोठ्याने मोजत होता, मी मनात. त्याच्या हाताला अजून जरासा कंप आहे. तारेचं टोक खाचेच्या तोंडाशी क्षणभर थरथरतं, तो श्वास घेतो, मग ते आत जातं.

मधेच रस्त्यावरून एक ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला. दादा थांबला. त्याची नजर स्टेटरवर होती आणि ओठ बंद. मला २०१८ आठवलं, माझा हात तारेवर घट्ट झाला.

त्याने मान वर केली.

"तायडे, किती झालं गं?"

"एकोणीस."

"एकोणीस," तो म्हणाला, आणि विसावा टर्न सारला.